दुसऱ्या चित्रपटाचं काय? मराठीतल्या स्वतंत्र निर्मात्यांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र मी सरकारला लिहायला बसलो होतो. 'महोदय' असा मायनाही लिहून झाला होता. थिएटर मिळत नाही, अनुदान उशिरा येतं, ओटीटीवाले दारात उभं करत नाहीत, हे सगळं पहिल्याच परिच्छेदात ओळीनं आलं. लिहिलेलं वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की हेच पत्र गेल्या काही वर्षांत मी निदान चार जणांच्या सहीनं वाचलेलं आहे, आणि त्या चौघांपैकी तिघांनी त्यानंतर चित्रपट काढलेला नाही. म्हणून मायना खोडला. सरकारशी बोलायचंच आहे, पण त्याआधी आपापसात दोन गोष्टी बोलून घेऊ.

'आपण' म्हणजे कोण, तेही सांगतो. ज्यांच्या मागे चॅनल नाही, स्टुडिओ नाही, ज्यांनी स्वतःच्या, सोयऱ्यांच्या किंवा व्याजाच्या पैशांवर एक मराठी चित्रपट काढला आहे किंवा काढायला निघाले आहेत, असे सगळे. मी दोन काढले. पहिला बुडाला. दुसरा बुडाला नाही, एवढंच म्हणतो. 'चालला' हा शब्द वापरायची अजून हिंमत होत नाही.

तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे. तुमचा दुसरा चित्रपट कधी?

पहिला सगळेच काढतात. जमीन विकून काढतात, पीएफ मोडून काढतात, मेहुण्याला 'सहनिर्माता' करून काढतात. मुहूर्ताला नारळ फुटतो, ट्रेलरला गर्दी होते, प्रदर्शनाच्या शुक्रवारी ओळखीचे सगळे येतात, आणि सोमवारी संध्याकाळी वितरकाचा फोन येतो. त्यानंतर त्या माणसाचं नाव पुन्हा कुठल्या पोस्टरवर दिसत नाही. वर्षाला एवढे मराठी चित्रपट सेन्सॉर होतात, आणि त्यांचा आकडा आपण अभिमानानं सांगतो. पण त्यातल्या किती निर्मात्यांचा तो दुसरा किंवा तिसरा चित्रपट होता, हे कुणी मोजत नाही. दरवर्षी नवी माणसं येऊन हात पोळून जातात याला उद्योग म्हणायचं, तर लॉटरीच्या दुकानालाही म्हणावं लागेल.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं. १९२९ साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यात नेली. प्रभातच्या चित्रपटांची कौतुकं आपल्याला पाठ आहेत. मला अलीकडे त्यांच्या कलेपेक्षा त्यांच्या हिशेबाचं जास्त नवल वाटतं. स्टुडिओ स्वतःचा, माणसं पगारावर, आणि वितरण करणारे बाबूराव पै पुढे कंपनीत भागीदार. म्हणजे विकणारा माणूस घरातला. शिवाय तोच सेट, तेच कपडे, तोच प्रकाश वापरून ते एक चित्रपट मराठीत आणि एक हिंदीत काढत. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली दोन्ही भाषांत आला, आणि १९३७ चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला. मराठीचा बाजार लहान आहे हे त्यांनाही दिसत होतं. त्यावर रडण्यापेक्षा त्यांनी एका खर्चात दोन बाजार पकडले. वेल्समध्ये अलीकडे हेच झालं. वेल्श भाषेची वाहिनी एस४सी हिच्यासाठी २०१३ साली आलेली 'हिंटरलँड' ही पोलिसी मालिका वेल्शमध्येही चित्रित झाली आणि इंग्रजीतही. आधी एका भाषेतला टेक, मग लगेच दुसऱ्या भाषेतला. लहान भाषेत काम करणाऱ्याला ही अक्कल आपोआप सुचत असावी. आपण मात्र ती विसरलो, आणि डब केलेल्या आवाजावर भागवायला लागलो.

असो. जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगणारा माणूस मलाही आवडत नाही. हिशेबाकडे येतो.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी मी जो हिशेब मांडलाच नाही, तो इथे मांडतो. तिकीट करासकट २०० रुपये धरा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की साधारण १६९ रुपये ५० पैसे राहतात. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला बंद दोन महिने चालला. तो मिटला तेव्हा वाट्याचं सूत्र ठरलं : निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. आपण वाटाघाटीला बसतो तेव्हा समोरून हेच सूत्र येतं, आणि त्याहून बरं मिळालं तर नशीब. म्हणजे पहिल्या आठवड्यात पावणेपंच्याऐंशी रुपये उरले. त्यातून वितरकाचं कमिशन १० टक्के धरलं तर तुमच्या हातात ७६ रुपये येतात. पडद्यागणिक लागणारं डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं, ज्याला सगळे व्हीपीएफ म्हणतात, ते मी यात धरलेलंच नाही.

आता समजा चित्रपटाला १ कोटी लागले आणि पब्लिसिटीला ४० लाख. हे १ कोटी ४० लाख नुसत्या थिएटरमधून सोडवायचे तर जवळजवळ १ लाख ८४ हजार तिकिटं विकली पाहिजेत. शोला सरासरी ५० माणसं धरा. (हसू नका, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ११ माणसांचा शो पाहिलेला आहे.) म्हणजे ३,६८० शो. शंभर पडद्यांवर रोज एक शो मिळाला तर आठवड्याचे ७०० होतात, आणि हा आकडा गाठायला पाच आठवड्यांहून जास्त लागतात. दुसऱ्या आठवड्यापासून वाटा घटतो, त्यामुळे खरे तर त्याहूनही जास्त. आणि तुम्हाला-मला पाच आठवडे कोण देतो? माझ्या पहिल्या चित्रपटाला एका मल्टिप्लेक्सनं सकाळी सव्वादहाचा शो दिला होता, तोही मंगळवारी 'पुरेसं बुकिंग नाही' म्हणून रद्द झाला. शो लागायच्या आधीच पुरेसं बुकिंग कसं होणार, हे विचारायला मी मॅनेजरच्या केबिनबाहेर अर्धा तास उभा होतो. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याही वरच्याला आकडे द्यायचे होते.

मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यावा, असं सरकारनं २०१५ साली मल्टिप्लेक्सना सांगितलं. त्यावर गदारोळ झाला, मग दुपारी १२ ते रात्री ९ हा सगळा वेळ प्राइम टाइम धरायचं ठरलं. दुपारी बाराचं ऊन आणि रात्री नवाचा शो एकाच नावात बसवणाऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण मुद्दा वेगळाच आहे. उद्या खरोखर संध्याकाळी सातचा शो मिळाला, तरी वरचा हिशेब बदलत नाही. पडदा मिळवण्याची लढाई आपण इतकी वर्षं लढतोय की पडदा मिळाल्यावर पुढे काय, हा विचार करायला आपल्यापाशी दमच उरलेला नाही.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी मी उलटा चाललो. बजेट आधी ठरवून प्रेक्षक शोधायचे, ही रीत सोडली. आपण स्वतः, आपल्या विषयाच्या बळावर, किती माणसं थिएटरपर्यंत आणू शकतो याचा प्रामाणिक आकडा आधी कागदावर लिहिला. तो ४० हजार आला. ४० हजार गुणिले ७६ म्हणजे ३० लाखांच्या थोडं वर, आणि त्यातूनच पब्लिसिटी. उरलेला खर्च टीव्ही, ओटीटी, परदेशातले शो, शाळा-महाविद्यालयं, फिल्म सोसायट्या यांतून हळूहळू निघू शकेल एवढाच ठेवायचा. मग पटकथेतली तीन गावं एका गावावर आली आणि ३८ दिवसांचं चित्रीकरण २१ दिवसांवर. दिग्दर्शक पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आज विचाराल तर तो म्हणतो, बरं झालं. हे तो खरं बोलतो की तिसऱ्या चित्रपटासाठी, ते कळायला मार्ग नाही.

तिकिटाच्या दराबद्दलही एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. १०० रुपयांचं तिकीट ठेवलं तर याच हिशेबानं आपल्या हातात ४३ रुपयांच्या आत पडतात. ७६ च्या जागी ४३ म्हटलं की पोटात गोळा येतो. पण २०० रुपयांना ५० माणसं आली काय आणि १०० रुपयांना ९० आली काय, आपला गल्ला जवळपास तेवढाच. त्या जादा ४० माणसांनी बाहेर जाऊन चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे तोंडी प्रसिद्धीशिवाय दुसरी प्रसिद्धी चालते असं मला तरी दिसलेलं नाही. थिएटरवाल्याच्याही कँटीनला ९० गिऱ्हाईकं मिळतात, त्यात आपला वाटा नसला तरी. ही मागणी आपण एकेकट्यानं केली तर कुणी ऐकणार नाही. दहा-बारा निर्मात्यांनी मिळून, लहान गावांतल्या पडद्यांसाठी आणि सोमवार ते गुरुवारसाठी केली, तर बोलणं पुढे जाईल.

आणि दहा-बारा जण एकत्र यायचे म्हणजे आधी शुक्रवार वाटून घेतले पाहिजेत. एकाच शुक्रवारी तीन-चार मराठी चित्रपट लागतात, आणि तेच शंभर-दीडशे पडदे, त्याच वर्तमानपत्रांतली तीच परीक्षणाची जागा आणि तोच प्रेक्षक आपण आपापसात फाडून घेतो. याला मल्टिप्लेक्स जबाबदार नाही, सरकारही नाही. तारीख जाहीर करायच्या आधी एकमेकांना एक फोन आपल्याच्यानं होत नाही.

आता अनुदान. या विषयावर मी जे म्हणणार आहे त्यानं काही जण रागावतील.

राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देतं. समिती चित्रपट पाहते, गुण देते, आणि अ किंवा ब दर्जानुसार रक्कम ठरते. काही वर्षं ती अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख अशी होती. ही योजना असावी, रक्कम वाढावी, आणि मुख्य म्हणजे पैसे वेळेवर यावेत, याबद्दल दुमत नाही. दुखणं दुसरीकडे आहे. ही रक्कम आपण पहिल्या दिवसापासून बजेटच्या जमा बाजूला लिहून टाकतो. 'अ' मिळेलच, अशा भरवशावर व्याजानं पैसे उचलतो. ती मिळाली की सावकाराकडे जाते आणि खातं बंद होतं. सरकारचे पैसे खर्च होतात, चित्रपटाला दर्जा मिळतो, आणि निर्माता संपतो.

गंमत अशी की याच्यापेक्षा शहाणी योजना महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी होती. १९७५ साली राज्यानं मराठी चित्रपटांसाठी करपरतावा योजना आणली. चित्रपटानं भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्यानं पुढचा चित्रपट काढला तर. त्या एका अटीत सगळं आलं. प्रेक्षकानं जितकी तिकिटं घेतली त्या प्रमाणात पैसा परत येतो, आणि तो निर्मात्याच्या खिशात न जाता त्याच्या पुढच्या चित्रपटात जातो. फ्रान्समध्ये तर हे दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झालं आणि अजून चालू आहे. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के उपकर आहे, चित्रपट अमेरिकेचा असला तरी. तो पैसा सीएनसी या त्यांच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जमा होतो. फ्रेंच निर्मात्याच्या नावे खातं असतं, त्याच्या चित्रपटाच्या तिकीटविक्रीप्रमाणे त्यात रक्कम साठत जाते, आणि ती त्याला पुढच्या चित्रपटासाठीच वापरता येते. कुठल्याही समितीनं गुण देण्याचा प्रश्न येत नाही. निवड समितीच्या मार्फत जाणारी मदतही त्यांच्याकडे वेगळी आहे, नव्या आणि अवघड चित्रपटांसाठी. दोन्ही रस्ते उघडे आहेत.

आपल्याकडे १ जुलै २०१७ ला करमणूक कर जीएसटीत विरून गेला. मराठी चित्रपटाला त्यातून असलेली सूटही त्याच दिवशी संपली. म्हणून १९७५ ची योजना जशीच्या तशी परत आणता येणार नाही, हे मला समजतं. पण अट तर परत आणता येईल? आज जे अनुदान मिळतं ते चालू ठेवा. त्यावर, जो निर्माता तीन वर्षांच्या आत पुढचा चित्रपट चित्रीकरणाला नेईल, त्याला आधीच्या चित्रपटाच्या तिकीटविक्रीच्या प्रमाणात जादा रक्कम द्या, आणि ती चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी द्या. प्रदर्शनानंतर वर्षभरानं मिळालेले ४० लाख आणि पहिल्या दिवशी मिळालेले १५ लाख, यातलं जास्त मोलाचं काय, हे ज्यानं महिना तीन टक्क्यांनी पैसे घेतलेत त्याला विचारा. आपण मिळून सरकारकडे जायचं तर ही एक मागणी घेऊन जावं, असं मला वाटतं. पंचवीस मागण्यांचं निवेदन स्वीकारताना मंत्र्यांचा फोटो छान येतो. पुढे त्याचं काही होत नाही.

हक्कांबद्दल बोलायला मला जरा जड जातं, कारण इथे चूक माझीच होती.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी, प्रदर्शनाला बारा दिवस उरले असताना आणि लॅबचं बिल थकलेलं असताना, मी एका कंपनीला टीव्ही, डिजिटल, संगीत असे सगळे हक्क कायमचे देऊन टाकले. करार २२ पानांचा होता. मी रक्कम असलेलं पान वाचलं. आज तो चित्रपट कुठे ना कुठे दाखवला जातो, लोक मला फोन करून आवडल्याचं सांगतात, आणि मी 'थँक यू' म्हणतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा लेखक म्हणून निर्मात्यालाच धरलेलं आहे, आणि चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात एक सोय आहे : हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे काही न लिहिता गप्प बसलो असतो तर कायद्यानं माझं रक्षण केलं असतं. मी 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' या शब्दांखाली सही करून ते घालवलं. हो, करारात 'विश्व' असंच लिहिलेलं होतं. मंगळावर चित्रपट लागला तरी मला पैसे मिळणार नाहीत.

दुसऱ्या वेळी तुकडे केले. टीव्ही एकाला, पाच वर्षांसाठी. डिजिटल दुसऱ्याला, तीन वर्षांसाठी. महाराष्ट्राबाहेरचे आणि परदेशातले शो स्वतःकडे. एकरकमी कमी मिळाले, हे खरं. पण टीव्हीची मुदत संपली की मी तोच चित्रपट पुन्हा विकू शकतो, आणि बँकेसमोर किंवा गुंतवणूकदारासमोर बसलो की 'माझ्याकडे हे आहे' म्हणून दाखवायला काहीतरी असतं. हातात जुने चित्रपट असलेला निर्माता आणि नुसती नवी गोष्ट घेऊन फिरणारा निर्माता, यांना समोरचा वेगळ्या खुर्चीत बसवतो.

ओटीटीचं म्हणाल तर एकरकमी मोठी रक्कम मिळण्याचे दिवस आपल्यासारख्यांसाठी फार लवकर सरले. आता 'आधी थिएटरला किती धंदा झाला ते सांगा' म्हणतात, किंवा जेवढी मिनिटं पाहिलं जाईल तेवढ्याचे पैसे देऊ म्हणतात. केरळ सरकारनं मार्च २०२४ मध्ये सीस्पेस नावाचा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. सुरुवातीचा दर चित्रपटाला ७५ रुपये, त्यातले निम्मे निर्मात्याला. त्यातून कुणी श्रीमंत होणार नाही, पण दर सगळ्यांना माहीत आहे, वाटा सगळ्यांना माहीत आहे, आणि जितके लोक पाहतील तितके पैसे येतात. एवढी साधी गोष्टही आपल्याला कुठे मिळत नाही.

हक्कांना चिकटून आणखी एक. तुमच्या चित्रपटाची मूळ सामग्री आत्ता कुठे आहे? माझ्या पहिल्याची एका स्टुडिओत हार्ड डिस्कवर होती. बिलाचा वाद मिटेपर्यंत ती डिस्क चालेनाशी झाली. आज त्या चित्रपटाची डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, शिल्लक आहे, पण आवाजाचे वेगळे ट्रॅक आणि सबटायटलशिवायची प्रत नाही. त्यामुळे कुणी डबिंगसाठी मागितला तर मी देऊ शकत नाही. दोन प्रती, दोन जागी, आणि वर्षातून एकदा चालवून बघायच्या. खर्च फार नाही.

युनिटबद्दल थोडक्यात : पैसे वेळेवर द्या. मी पहिल्या वेळी दिले नाहीत. लाइटमन, स्पॉटबॉय, सहाय्यक यांनी मला ते तोंडावर कधी सुनावलं नाही, फक्त पुढच्या वेळी फोन उचलला नाही. दुसऱ्या चित्रपटाला मला नवं युनिट उभं करावं लागलं, आणि पहिले चार दिवस एकमेकांची कामाची रीत समजण्यातच गेले. त्या चार दिवसांचा खर्च थकवलेल्या पैशांपेक्षा जास्त झाला.

प्रेक्षकाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे मला आशा दिसते. १९७६ साली गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून 'मंथन'चे निर्माते व्हायचं ठरवलं, आणि चित्रपट लागल्यावर गावोगावहून ट्रक भरभरून स्वतःचा चित्रपट बघायला आले. ती गोष्ट आपण सगळे भाषणात सांगतो, पण तिच्यातला व्यवहार सहसा सांगत नाही. त्या माणसांच्या मागे सहकारी संघाचं जाळं आधीपासून होतं. गावात रोज दोनदा दूध घालायला येणारा माणूस ओळखीचा होता, २ रुपये गोळा करायला वेगळी यंत्रणा लागली नाही. महाराष्ट्रात सहकाराची जाळी कमी आहेत का? साखर कारखाने, पतसंस्था, ग्रंथालयं, महिला बचत गट, शिक्षकांच्या संघटना. 'बाईपण भारी देवा' २०२३ साली बायकांच्या गटांनी डोक्यावर घेतला, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. बायका पंधरा-पंधराच्या घोळक्यानं येत होत्या. पण अशा गटांकडे आपण जातो ते चित्रपट तयार झाल्यावर, 'तिकिटं घ्या' म्हणत. मी दुसऱ्या वेळी पटकथेच्या टप्प्यावर गेलो. माझ्या गोष्टीचा विषय ज्यांच्या कामाचा होता अशा एका संघटनेच्या सभेत मी पटकथेतले दोन प्रसंग वाचून दाखवले. त्यांनी एका प्रसंगातली चूक काढली, ती आम्ही सुधारली, आणि प्रदर्शनाच्या वेळी त्या संघटनेनं ६,००० तिकिटं आगाऊ घेतली. ४० हजारांतले ते पहिले ६ हजार. त्यांना तो चित्रपट थोडा स्वतःचा वाटला, कारण तो थोडा त्यांचा होताच.

२०१४ चा 'कोर्ट' आणि २०२० चा 'द डिसायपल' या दोन्ही मराठी चित्रपटांचा निर्माता एकच आहे, विवेक गोम्बर. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे हाही तोच. पहिल्याला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोंती विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, दुसऱ्याला तिथेच पटकथेचा. लोक पुरस्कार मोजतात. मी मध्ये गेलेली सहा वर्षं मोजतो. तोच निर्माता, तोच दिग्दर्शक सहा वर्षं एकमेकांना धरून राहिले आणि दुसरा चित्रपट काढला. आपल्यातल्या कितींना हे जमलं?

शेवटचं, आणि हे सगळ्यात अवघड. आपण खोटे आकडे सांगतो. दुसऱ्या आठवड्याच्या जाहिरातीत 'हाऊसफुल'ची पाटी टाकतो, तेव्हा खरं काय ते बुकिंग ॲप उघडून पाहणाऱ्या कुठल्याही पोराला दिसत असतं. बाहेरच्यांना फसवण्याबद्दल मी बोलत नाहीये. आपण एकमेकांनाही खरं सांगत नाही. कुठल्या तालुक्यात मराठी चित्रपट चालतो, कुठल्या दिवशी, कुठल्या दरात, कुठल्या वयाचा प्रेक्षक येतो, यातलं काहीच आपल्याला नीट माहीत नाही. प्रत्येक नवा निर्माता तेच पैसे घालवून तेच शिकतो. कोरियात चित्रपट परिषदेचं कोबिस नावाचं जाळं आहे. तिथे देशभरातल्या थिएटरांची तिकीटविक्री एकत्र होते, आणि ती कुणालाही पाहता येते. आपल्याकडे सरकार असं काही करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात आपापल्या वह्या आहेत.

म्हणून मी सुरुवात करतो. माझ्या दोन्ही चित्रपटांचा पूर्ण हिशेब मी तयार केला आहे : कुठल्या पडद्यावर किती शो, किती तिकिटं, कुणाचं किती कमिशन, व्हीपीएफ किती, अनुदान कधी मागितलं आणि कधी आलं, व्याज किती गेलं. पहिल्या चित्रपटाच्या हिशेबात ज्या रकान्यांची मला लाज वाटते, तेही ठेवले आहेत. ज्यांना स्वतःच्या चित्रपटाचा असाच हिशेब घेऊन एका टेबलाशी बसायचं आहे त्यांनी कळवा. दहा जण झाले की बसू. कलाकार नकोत, पत्रकार नकोत, फोटो नको. येताना अकाउंटंटला सोबत आणा, कारण आपल्यापैकी निम्म्यांना आपले आकडे त्याच्याशिवाय सापडणार नाहीत. मलाही सापडले नव्हते.

आपला,
तिसऱ्या चित्रपटाची जुळवाजुळव करणारा एक निर्माता